तुमचं बरंय बाई, तुमचा विश्वास आहे!

...नाही, पण मला एक सांगा, विश्वास असला की माणसाला रडू येत नाही, हे ठरवलं कुणी? कारण आमचे हे गेल्यापासून जो उठतो तो मला हेच ऐकवतो, "तुमचं बरंय बाई, तुमचा विश्वास आहे!" बरंय? काय बरंय? नवरा गेला हो माझा! रविवारची सकाळ, बुटाची नाडी बांधायला म्हणून दाराशी खाली वाकले, आणि मी आतून ओरडतेय, "अहो आटपा, चर्चमध्ये उपासनेला उशीर होतोय, नाडी बांधताय का स्वेटर विणताय?" आणि हे उत्तरच देईनात. वाकले ते वाकलेच. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हटलं, असेल हृदय, पण निदान दुसरी नाडी तरी बांधू द्यायची होती! एवढी कसली घाई? आणि तुम्हाला सांगते, त्याच दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा कानावर आलं, "तुमचं बरंय." मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली असेल. चूक कसली, ती तर नुसती सुरुवात होती!

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंचंच घ्या. दफनाच्या दुसऱ्या दिवशी आल्या. मी दार उघडलं तर समोर हंबरडा! मला वाटलं, ह्यांच्याच घरी काहीतरी झालं. धरून आत आणलं, बसवलं, पाणी दिलं. आणि सुरूच! "कसं हो झालं हेऽऽ... परवाच लिफ्टपाशी भेटले होते... मला म्हणाले, वहिनी, बटण एकदाच दाबा, तिला ऐकू येतं होऽऽ..." आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक ना, सबंध गावाच्या लिफ्टा ह्यांच्या ओळखीच्या, कुणी बटण दोनदा दाबलेलं ह्यांना सहन व्हायचं नाही. तर ते आठवून त्या रडतायत, आणि मी त्यांची पाठ थोपटतेय. "उगी, उगी, असं करू नका, तुमचं ब्लडप्रेशर वाढेल." चहा केला. साखर बरोबर आहे का विचारलं. बिस्किटं काढली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत! मनसोक्त रडून झालं, चहा झाला, मग उठल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मी तर कोसळलेच असते. तुमचं बरंय बाई, तुमचा विश्वास आहे! तुमच्याकडे आलं की कसं हलकं वाटतं!" हलकं वाटणारच, सगळं इथे उतरवून चालल्या होत्या की!

आणि गंमत बघा, त्या वेळी माझं रडू अगदी इथपर्यंत आलेलं असतं, इथपर्यंत, घशापाशी. आणि हे वाक्य आलं की मधल्याच मजल्यावर अडकतं. ना वर, ना खाली. आणि अडकलेलं सोडवायला ज्यांना बोलवायचं, तेच गेले.

बरं, मला काही मन मोकळं करता येत नाही असं नाही हं. मी पार्लरमध्ये काम करते, केस धुते, कापते, रंगवते, आणि सगळ्या पार्लरला माहीत आहे की मी खोटं बोलत नाही. संतबिंत नाही हो, घरचं वळण तसं. आई म्हणायची, आपण प्रभूची माणसं, आपलं हो ते हो आणि नाही ते नाही. त्यामुळे गिऱ्हाईकानं विचारलं, "हा लाल रंग मला शोभेल का?" की मी सांगते, "नाही शोभणार." आमच्या मॅडम, म्हणजे मालकीण, सुरुवातीला कपाळावर हात मारायच्या. "अहो ताई, गिऱ्हाईक पळेल!" पळालं? उलट माझ्याच खुर्चीपाशी रांग! का, तर ताई खरं सांगतात. तीच ताई, तीच मी, कुणी "कशा आहात?" म्हटलं की फाडकन, "बरी आहे!" डोळ्याची पापणी न लवता! शांपूबद्दल खोटं बोलणार नाही, आणि स्वतःबद्दल सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसरं काही नाही!

का, म्हणून विचाराल. विचारा ना! अहो, भीती वाटते. मी चारचौघांत रडले तर लोक काय म्हणतील? म्हणतील, बघा, एवढी प्रार्थना करायची, एवढी गीतं म्हणायची, आणि वेळ आली तर काय? गेला कुठे हिचा देव? म्हणजे बघा, आकाश-पृथ्वी निर्माण करणारा एवढा मोठा देव, आणि त्याची अब्रू कुठे टांगलीय, तर माझ्या डोळ्यांच्या कडेला! एक थेंब पडला की गेली!

बाहेरचे तर बाहेरचे, आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, काय कमी आहेत? "रडू नका, ते प्रभूजवळ आहेत." आहेत ना! मी कुठे नाही म्हणतेय? मला पक्कं ठाऊक आहे, प्रभूजवळ आहेत. पण प्रभूजवळ आहेत म्हणजेच माझ्याजवळ नाहीत ना! आणि प्रभू स्वतः नाही का रडला आपल्या मित्राच्या कबरेपाशी? तेव्हा कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं का, "तुमचं बरंय, तुमचा तर विश्वास आहे!" त्याला रडायची मुभा आणि मी मात्र हसतमुख! हा कुठला न्याय?

तर मी आठवडाभरानं कामावर गेले. घरी बसून काय करणार, भिंती मोजणार? म्हटलं, पार्लरमध्ये चार माणसं असतात, गलका असतो, मन रमेल. आत पाऊल टाकलं आणि सगळं चिडीचूप! पोरी कसल्यातरी चावट विनोदावर खिदळत होत्या, मला बघून एकीनं दुसरीला कोपर मारलं, "श्श! ताई!" हे तसं जुनंच आहे. ख्रिस्ती बाई म्हणजे तिला विनोद कळत नाही, असा ह्यांचा समज! अगं बायांनो, माझा नवरा तीस वर्षं लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना, ती आत घाबरू नयेत म्हणून, फटीतून विनोद सांगायचा, घरी येऊन तेच मला ऐकवायचा, त्यातला एक जरी मी तुम्हाला सांगितला तर हातातला ड्रायर पडेल तुमच्या! पण विचारतंय कोण? मला वाटलं होतं, निदान आज तरी त्या विनोद पुरा करतील. फार हसायला हवं होतं हो मला त्या दिवशी.

आणि मॅडमनी काय केलं? मॅडम मनानं चांगल्या, पण धंदा तो धंदा. त्यांनी बघितलं, ही रडत नाही. झालं! जी जी बाई दुःखी, तिला पाठव माझ्या खुर्चीवर! "तुम्ही ताईंकडे बसा. त्यांचे मिस्टर आत्ताच गेलेत, तरी बघा कशा हसतमुख!" मी काय पार्लरमधली पाटी आहे? नवरा गेला तरी हसतमुख, आत या! पण बायका बसायला लागल्या. डोकं मागे बेसिनमध्ये, डोळे मिटलेले, माझे हात त्यांच्या केसांत, कोमट पाणी... आणि सुरू! कुणाची सून बोलत नाही, कुणाचा जावई फारच बोलतो. एकीचं मांजर हरवलेलं. "ताई, तीन दिवस झाले हो, जेवण जात नाही. तुमचं बरंय, तुमचा विश्वास आहे, तुम्ही जरा प्रार्थना करा ना माझ्या सोनुलीसाठी." आता मला सांगा, ह्यावर माणसानं हसावं का फेस तिच्या डोळ्यांत जाऊ द्यावा? पण केली मी प्रार्थना. खरंच केली, मनापासून, तिथेच, तिच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून. आणि दुसऱ्या दिवशी ती बाई धावत पार्लरात! "ताई! आली! सोनुली आली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला आनंदच झाला हो, मुक्या जिवाचं काय वाईट चिंतायचं! मग मी मागच्या खोलीत गेले आणि घडी घातलेले टॉवेल मोडून पुन्हा घड्या घालत बसले. मांजर परत येतं. देवानं ऐकलं ना माझं, मांजराच्या बाबतीत ऐकलं.

तेव्हापासून आमचं भांडण आहे. म्हणजे माझं आणि त्याचं, वरच्याचं. रोज सकाळी पार्लरच्या मागच्या दाराशी टॉवेल वाळत घालते ना, तेव्हा. टॉवेल झटकायचा आणि विचारायचं. "तुला घाई काय होती?" फटाक! "माझ्याकडे होता तर काय बिघडलं होतं तुझं?" फटाक! "आणि वरून मलाच हसायला लावतोस?" फटाक, फटाक! शेजारचा न्हावी एकदा दाराबाहेर येऊन बघून गेला, म्हणाला, "ताई, टॉवेल फाटेल." म्हटलं, फाटू दे. ह्याला प्रार्थना म्हणतात का, मला ठाऊक नाही. पण दिवसभरात खरं काय ते तेवढंच बोलायचे मी.

आणि मग एके दिवशी हेडबाई आल्या. हेडबाई म्हणजे कुठल्याशा शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, पोरी त्यांना हेडबाईच म्हणतात. ताठ बसणार, रंग लावणार नाही, फक्त कापणार. आणि देव अजिबात मानत नाहीत! पूर्वी माझ्याशी वाद घालायच्या, अगदी कात्री चालू असताना! "मला पुरावा दाखवा." म्हटलं, "मान सरळ ठेवा, कान कापला जाईल." तर त्या आल्या, माझ्याच खुर्चीवर बसल्या, आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आलं आता ते वाक्य. तयारी केली, हसू चेहऱ्यावर चढवलं. आणि त्या म्हणाल्या, "ऐकलं मी. माझा बाई कशावरच विश्वास नाही, त्यामुळे अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला येत नाही. झोप लागते का तुम्हाला?"

तुम्हाला सांगते, मी तोंड उघडलं ते "बरी आहे" म्हणायलाच. सवय हो! आणि तोंडातून काय आलं? "नाही."

बस्स. एक "नाही". आणि त्यामागून जे आलं ते थांबेचना! म्हटलं, झोप लागत नाही, गादीवर पलीकडच्या बाजूला मी अजून सरकत नाही. त्यांचे बूट तसेच दाराशी आहेत, एकाची नाडी बांधलेली, एकाची सुटी. मला ती बांधवत नाही आणि ही सोडवत नाही, केर काढताना मी बुटांच्या कडेकडेनं झाडू फिरवते. आणि हे बोलताना हातातली कात्री चालूच! मला डोळ्यांतल्या पाण्यानं काही दिसेना, आणि हेडबाईंचा डावा कान... पूर्ण उघडा! एका बाजूला केस, एका बाजूला नुसता कान! मी घाबरले. "अहो बाई, फार कापले गेले हो!" त्या आरशात बघून म्हणाल्या, "केसच आहेत, येतील. तुम्ही बोला." मग तर मी हुंदकेच द्यायला लागले, भर पार्लरात, भर गिऱ्हाइकांत!

मॅडम धावत आल्या. "ताई! तुम्ही? अहो, लोक बघतायत! तुमचा तर विश्वास..." त्यांना पुढे बोलूच दिलं नाही हेडबाईंनी. शाळेतला तोच आवाज! "असू द्या त्यांचा विश्वास जिथे आहे तिथे. तुम्ही रुमाल आणा." आणि मॅडम, आमच्या मॅडम, मुकाट्यानं रुमाल आणायला गेल्या! त्या दिवशी आधी मला लाज वाटली. म्हटलं, देव न मानणाऱ्या बाईपुढे असे हातपाय गाळून बसले, आता ह्या काय म्हणतील? त्या तर माझं रडणं संपेपर्यंत तशाच एक कान उघडा टाकून बसून राहिल्या. मग मला वाटलं, ह्यांना त्यानंच पाठवलं नसेल कशावरून? पण हे त्यांना सांगायची सोय नाही. ऐकलं असतं तर दुसरी बाजू तशीच ठेवून उठून गेल्या असत्या!

पण एक झालं. खरं बोलून मी मेले नाही, आणि देवही कुठे पडलाबिडला नाही. संध्याकाळी घरी जाताना पहिल्यांदाच छाती मोकळी वाटली. म्हटलं, बरं, आता असंच. कुणी विचारलं की खरं सांगायचं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या बायकोनं, मला गाठलं. त्या गोड हो, फार गोड, बोलायला लागल्या की माणसाला नाही म्हणताच येत नाही. "बाई गं, ह्या रविवारी तू साक्ष दे." साक्ष म्हणजे आमच्याकडे उपासनेत एक जण पुढे उभा राहून सांगतो, देवानं माझ्यासाठी काय केलं. कुणाचं दुखणं गेलं, कुणाला नोकरी लागली, एकानं तर हरवलेल्या किल्लीची साक्ष दिली होती, तीही पाऊण तास! "तुझा हसरा चेहरा बघून किती जणांना बळ मिळतंय म्हणून सांगू! थोडंच बोल. आणि शेवट आनंदाचा कर हं." मी म्हटलं, "मला जमायचं नाही." त्या म्हणाल्या, "तुला जमायचं नाही तर कुणाला? तुझं बरंय, तुझा विश्वास आहे!" घ्या!

रविवार आला. गेले. बसले त्याच बाकावर, शेजारची जागा मोकळी. गीत सुरू झालं. आता तुम्हाला हे सांगायलाच हवं, आमचे हे गाण्यात सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे! कायम! ऑर्गनवाले काका चष्म्यावरून डोळे वटारायचे, मी कोपरानं ढोसायची, "अहो, थांबा ना सगळ्यांसाठी!" तर म्हणायचे, "ते येतील मागून." आणि त्या रविवारी गीत असं तालात झालं, असं एकसुरात! सगळ्यांनी एकदम सुरू केलं, एकदम संपवलं. आणि मला ऐकवेना. मी उभी होते, पण माझ्या तोंडून एक ओळ निघाली नाही.

आणि पाळकीणबाई हसून खुणावतायत, ये, ये. गेले पुढे. माइक किंचाळला, बाजूला सरकवला. मनाशी सगळं ठरवून आले होते, प्रभूनं मला शांती दिली, प्रभूनं मला बळ दिलं, आनंदाचा शेवट. तोंड उघडलं, आणि म्हटलं, "मला शांती नाही."

 म्हटलं, आता निघालंच आहे तर निघू दे. म्हटलं, "मला राग आलाय. त्याच्यावर. रोज सकाळी मी त्याच्याशी भांडते. त्याच्यावरचा माझा विश्वास गेला नाही, गेला असता तर भांडले कुणाशी असते? नसलेल्या माणसाशी कुणी भांडतं का? पण मला माझा नवरा हवाय. तुम्ही सगळे म्हणता, माझं बरंय. माझं बरं नाही. तुम्ही कुणीतरी माझ्या घरी या, आणि माझ्याकडे रडू नका, मला रडू द्या." आणि पुढे बोलताच येईना. उभी राहून रडले, तोंड हातात धरून, लहान पोरीसारखी, सगळ्या मंडळीसमोर. आनंदाचा शेवट राहूनच गेला.

खाली आले.  म्हटलं, संपलं, आता मला इथे कुणी उभं करणार नाही. उपासना सुटली. आधी ऑर्गनवाले काका आले. डोळे वटारणारे! जवळ उभे राहिले, चष्मा पुसला, म्हणाले, "दर रविवारी मी पहिल्या ओळीला थांबतो हो. ते पुढे जातील म्हणून." आणि निघून गेले. मला कुणीतरी मिठी मारल्यासारखं झालं, खरंच सांगते.

आणि मग रांग! एकेक जण येऊन हात हातात घेतोय. "काय साक्ष दिलीत! अंगावर काटा आला!" "अहो, मी म्हणतेय मला शांती नाही..." "तेच तर! एवढ्या लोकांत हे बोलायला केवढा विश्वास लागतो! तुमचं बरंय बाई..." मी म्हटलं, "घरी याल का?" तर म्हणाले, "येऊ ना, येऊ की, नक्की येऊ, एकदा निवांत." एकही दिवस ठरला नाही! रडले तरी विश्वास, भांडले तरी विश्वास, आता मी तिथे लोळण घेतली असती तरी म्हणाले असते, वा, काय नम्रता!

शेवटी पाळकीणबाई आल्या. डोळे पुसत, नाक लाल, खरंच रडल्या होत्या हो, खोटं कशाला बोलू. मला पोटाशी धरलं, कितीतरी वेळ सोडलंच नाही. मला वाटलं, चला, ह्यांना तरी कळलं. मग कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "बाई गं, पुढच्या रविवारी बाहेरगावचे पाहुणे येणार आहेत. तेव्हा पुन्हा दे ना साक्ष, अगदी हीच. फक्त एक कर, रडताना माइक जरा जवळ धर, मागच्यांना नीट ऐकू आलं नाही."

मी काय म्हणणार? म्हटलं, धरते.